लडाखवीर

पुण्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या, गृहकर्ज फिटलेल्या आणि गुडघे अजून शाबूत असलेल्या गृहस्थाला एके दिवशी अचानक हिमालय दिसू लागतो. हे दर्शन बहुधा मोबाइलवर घडतं. महिन्याभरात त्याच्या पार्किंगमध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन येऊन उभी राहते. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. कॉलेजात असताना त्याने वडिलांची एम-८० चालवलेली असते, त्यानंतर थेट ॲक्टिव्हा. एवढ्या भांडवलावर तो लडाखला निघतो.

निघतो म्हणजे खरेदीला निघतो. लडाख त्याने अजून पाहिलेलं नाही, पण त्याची गाडी मात्र कालच तिथून परतल्यासारखी दिसते. हँडलला पाचरंगी तिबेटी पताका आहेत, त्या कुरिअरने आल्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे जेरीकॅन आहेत. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. हे कॅन तिच्या धाकाने घेतलेले. पुण्याहून वाईला जाताना पंप मोजता मोजता माणूस कंटाळतो, हे त्यालाही मान्य आहे. पण रिकामे कॅन खडखडतात म्हणून तो त्यांत पाणी भरतो. म्हणजे आधीच दोनशे किलोला टेकलेल्या गाडीवर आणखी दहा किलो. हेल्मेटला इंटरकॉम आहे. पण घेतलाय एकच, त्यामुळे पलीकडे कोणी नसतं. पंक्चरची पेटी आहे ती ट्यूबलेस टायरची. गाडीला तारांची चाकं आणि आत ट्यूब! हे त्याला सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं.

“अहो, दूध संपलंय,” अशी आतून हाक आली की तो ॲक्टिव्हाच काढतो. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावलेली हिमालयन दोन मोटारींच्या मधून बाहेर निघत नाही.

माहिती मात्र अफाट. खर्दुंग लाच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असलं, तरी खरी उंची १७,५८२ च्या आसपास भरते, हे त्याने मला लिफ्टमध्ये दोनदा ऐकवलंय. या आठशे फुटांवर तो तासभर वाद घालेल. स्वतःच्या गाडीची चेन किती सैल झालीय, हे मात्र त्याने कधी बोटाने दाबून पाहिलेलं नाही.

विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिली मोहीम महाबळेश्वरची. लेह साडेतीन हजार मीटरवर आणि महाबळेश्वर जेमतेम साडेतेराशेवर, पण सुरुवात कुठून तरी करायलाच हवी. डॉक्टर मेहुण्याकडून उंचीच्या गोळ्याही लिहून घेतल्या होत्या. पसरणीच्या घाटात पहिलं अवघड वळण आलं. वळणावर नजर रस्ता जिथे बाहेर पडतो तिथे ठेवायची असते, कारण नजर जाते तिकडेच गाडी जाते. हा बघत राहिला कठड्याकडे. कठडा वाचला. पुढे दरी पाहायला उतारावर थांबला, डावा पाय टेकायला गेला तर खाली जमीन एक वीत दूर. गाडी सावकाश आडवी झाली. शेजारच्या मक्याच्या कणसवाल्याने आणि त्याच्या पोराने ती उचलून दिली, आणि कॅनमधलं पाणी पाहून “काका, पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की काय?” असंही काळजीने विचारलं. घरी सांगताना या प्रसंगाला ‘फोटोसाठी थांबलो’ असं नाव मिळालं.

परतताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली, ही एम-८० च्या काळातली सवय. घाट ज्या गिअरने चढावा त्याच गिअरने उतरावा, हे एसटीच्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरने सांगितलं असतं. वेग इंजिनाने धरायचा असतो. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापून हात टेकतात. वाईला पोचेपर्यंत वास नाकात गेला होता. तो म्हणाला, नवीन गाडीला येतोच.

दर गणपतीला मुंबईचा चाकरमानी स्प्लेंडरवर बायको, पोर आणि पिशवीभर सामान घेऊन रत्नागिरी गाठतो. त्याला टूरिंग करतोय असं कधी वाटलेलं नाही. लडाखवीराला हे ऐकवलं की तो दुखावतो, आणि त्याचंही थोडं खरं आहे. हेल्मेटचा पट्टा तो न चुकता लावतो, भर मे महिन्यातही जाकीट काढत नाही आणि अंधार पडायच्या आत घरी येतो. स्प्लेंडरवरच्या त्या पोराच्या डोक्यावर काहीच नसतं. जाकिटाला हसणाऱ्यांतला मी नाही. मी हसतो ते जेरीकॅनला.

लडाखचा योग यायचा तेव्हा येईल. तोवर भोर, वाई, पाऊस ओसरल्यावर कास, असे जवळपासचे रविवार त्याने पेट्या काढून काढावेत, निघण्याआधी टायरची हवा बघावी आणि दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्यावं. हे त्याला तुम्हीच सांगा, माझं तो ऐकत नाही. आणि मागे बसायला बोलावलं तर भिडेपोटी हो म्हणू नका. मागच्या सीटवर तंबू आहे.