पॅन्सवाले अण्णा

परीक्षा दिली अण्णांच्या मुलीनं, पण त्या परीक्षेबद्दल अण्णांना जेवढं ठाऊक आहे तेवढं तिला आजही ठाऊक नसेल. तिनं रोगांचा अभ्यास केला, अण्णांनी पुस्तकांचा.

अण्णा मूळचे मिरजेचे. इंजिनिअरिंग पुण्यात, आणि त्यानंतरचा सगळा संसार न्यू जर्सीत, एडिसनला. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिची बाजारातली सगळी भावंडं तपासायची, हा त्यांचा धर्म. भांडी धुण्याचं यंत्र घ्यायचं ठरलं तो दिवस आणि ते घरात आलं तो दिवस यांच्या मधल्या काळात वहिनींनी हातानं इतकी भांडी घासली की यंत्र आल्यावर त्या म्हणाल्या, "राहू दे आता, सवय झालीय."

तर मुलगी, घरातली चिऊ, फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाला लागली. मिरजेहून आत्याबाईंचा फोन आला, "असिस्टंट म्हणजे कंपाउंडर का रे?" अण्णांनी थेट १९६५ सालापासून सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलिनातलं ड्यूक विद्यापीठ, तिथले डॉक्टर यूजीन स्टेड, आणि नौदलातून परतलेले चार वैद्यकीय मदतनीस. या मंडळींच्या हातातलं कसब वाया जाऊ नये आणि डॉक्टरांची टंचाईही भागावी म्हणून स्टेडसाहेबांनी हा अभ्यासक्रम काढला. आज ही माणसं रोगी तपासतात, निदान करतात, पन्नासच्या पन्नास राज्यांत औषधं लिहून देतात. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरच की. मग डॉक्टरच का नाही झाली?" त्या महिन्यात अण्णांनी मिरजेला पुन्हा फोन केला नाही.

हा अभ्यासक्रम साधारण सव्वादोन वर्षांचा. आधी वर्गातली शिकवणी, मग इस्पितळाच्या वेगवेगळ्या विभागांत पाळ्या, आणि सरतेशेवटी पॅन्स नावाची परीक्षा. ती पास झाल्याखेरीज कुठल्याही राज्यात परवाना मिळत नाही. एका दिवसात ३०० प्रश्न, ६० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येक भागाला एक तास. गुण २०० ते ८०० च्या मापात, ३५० ला पास. चिऊनं हे आकडे एकदा वाचले आणि ती कामाला लागली. अण्णांनी त्यांची एक्सेल शीट केली.

यामागे इतिहास आहे. अण्णांच्या दहावीच्या वर्षी घरात एक गाईड होतं आणि एक २१ अपेक्षित होतं, आणि तेही चुलतभावाबरोबर वाटून घेतलेलं. संध्याकाळी सातपर्यंत भाऊ, सातनंतर अण्णा. पुढे पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळायची. तिथे अण्णा पुस्तक उलटंसुलटं करून आधी पेन्सिलीच्या खुणा पाहत, मग दुकानदाराला विचारत, "हे ज्याचं होतं त्याला टक्के किती पडले?" नापास झालेल्या पोराच्या खुणांवर अभ्यास करण्यात काय अर्थ, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. दुकानदारही वस्ताद. तो प्रत्येक पुस्तकाला डिस्टिंक्शन देत असे.

अशा माणसाला एकाएकी अमेरिकेतल्या पॅन्सच्या बाजारात सोडलं. पॅन्स प्रेप पर्ल्सचे जाडजूड खंड एकीकडे, रॉश रिव्ह्यू आणि यूवर्ल्ड यांच्या प्रश्नपेढ्या दुसरीकडे. शिवाय व्हिडिओवरची व्याख्यानं, गाडी चालवताना ऐकायचे पॉडकास्ट, अँकीची हजारो कार्डं, कप्लानचा वर्ग. अण्णांच्या शीटमध्ये रकाने वाढत गेले: किंमत, पानं, प्रश्नांची संख्या, चित्रं रंगीत की काळीपांढरी, कागदाची जाडी. परीक्षा घेणारी एनसीसीपीए ही संस्था कोणत्या विषयाला किती टक्के वजन हे जाहीर करते, आणि त्यात हृदय आणि रक्ताभिसरण सर्वांत वर असतं. अण्णांनी प्रत्येक पुस्तकातली हृदयाची पानं मोजून भागिले एकूण पानं असा गुणोत्तराचा रकाना काढला. एक पुस्तक त्वचारोगांना प्रमाणाबाहेर पानं देतं म्हणून त्यांच्या यादीतून गेलं. त्वचारोगांना चित्रं लागतात म्हणून पानं जास्त लागतात, हे चिऊनं सांगितल्यावर ते परत आलं. त्यानंतर चित्रांसाठी वेगळा रकाना झाला.

जुनी प्रत विकणाऱ्या एका मुलाला त्यांनी रीतसर इंग्रजीत निरोप पाठवला: आपण पास झालात का, आणि किती गुण? उत्तर आलं, "झालो. पुस्तक उघडलंच नाही, त्यामुळे अगदी कोरं आहे." अण्णा दोन दिवस अस्वस्थ होते. घ्यावं की न घ्यावं? शेवटी घेतलं. कोरं असल्यामुळे त्याला खाकी कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं, लेबलावर चिऊचं नाव आणि इयत्तेच्या जागी "पीए" असं घोटीव अक्षरात लिहिलं. चिऊनं ते पुस्तक तसंच, कव्हरासकट, दवाखान्यात नेलं. मला वाटतं, या घरात प्रेम म्हणतात ते हेच. पण तसं अण्णांना कोणी म्हटलं असतं तर त्यांनी विषय बदलून आवृत्तीवर नेला असता.

आवृत्ती हा त्यांचा सर्वांत हळवा विषय. नवी घ्यावी तर महाग, जुनी घ्यावी तर वैद्यक बदललेलं. हे काही खोटं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली, तेव्हा त्याआधीची सगळी पुस्तकं त्या पानापुरती शिळी झाली. अण्णांनी दोन्ही आवृत्त्या मागवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि मग उत्सुकतेपोटी स्वतःचा रक्तदाब मोजला. १३४/८४. जुन्या आवृत्तीप्रमाणे अण्णा रोगी नव्हते, नव्या आवृत्तीप्रमाणे होते. नवी त्यांनी चिऊला दिली. जुनी स्वतःच्या उशाशी ठेवली.

एवढ्या पसाऱ्यात चिऊ काय करत होती? ती एका प्रश्नपेढीतले रोज ठरावीक प्रश्न सोडवायची, चुकलेल्या प्रश्नाखालचं स्पष्टीकरण सावकाश वाचायची, बरोबर पर्याय का बरोबर याहीपेक्षा बाकीचे का चूक हे समजून घ्यायची आणि लॅपटॉप मिटून झोपायची. अडलं तरच पुस्तकाचं ते पान. माझ्या मते सगळ्या शीटचं सार एवढंच होतं, पण एका ओळीच्या शीटला शीट म्हणत नाहीत. आणखी एक गोष्ट अण्णांच्या ध्यानात उशिरा आली. प्रश्नपेढीची वर्गणी महिन्यावर असते. दोन पेढ्यांची तुलना करता यावी म्हणून त्यांनी दोन्ही घेतल्या, आणि तुलना चालू असतानाच एकीची मुदत संपली. तेव्हा निवड आपोआप झाली, असं वहिनी म्हणाल्या. अण्णांनी त्या निवडीला शास्त्रीय निष्कर्ष म्हटलं.

पेढीची चाचणी घेता घेता अण्णांना प्रश्नांची गोडी लागली. पॅन्सचा प्रश्न म्हणजे छोटी गोष्ट असते. इतक्या वर्षांचा माणूस, अमुक तक्रार घेऊन आला, नाडी इतकी, रक्तदाब इतका. आणि शेवटी विचारतात: पहिली तपासणी कोणती? सर्वांत नेमकी तपासणी कोणती? आता पुढचं पाऊल काय? रोग ओळखला तरी प्रश्न काय विचारलाय ते न वाचणारा बुडतो. अण्णांना ही भाषा इतकी आवडली की ती घरभर पसरली. गाडी सुरू होईना तर "पहिली तपासणी?" वरणाला चव नाही तर "पुढचं पाऊल?" गणपतीत एकजण मोदक खाऊन पोट धरून बसला, तर अण्णांनी त्याला आधी वय विचारलं, मग दुखणं उजव्या खांद्याकडे जातं का ते विचारलं, आणि पित्ताशयाची शक्यता सांगून मोकळे झाले. त्यानं अकरा मोदक खाल्ले होते. तो प्रश्न अण्णांच्या यादीत नव्हता.

एकदा मात्र चिऊनं त्यांना धरलं. प्रश्न असा होता: अपघातात छातीला मार लागलेला तरुण, श्वास घेता येत नाही, रक्तदाब घसरतोय, मानेच्या शिरा फुगल्यात, श्वासनलिका एका बाजूला सरकलीय, दुसऱ्या बाजूला श्वासाचा आवाज नाही. पुढचं पाऊल काय? अण्णांनी चष्मा पुसला, सगळे पर्याय दोनदा वाचले आणि छातीचा एक्स-रे निवडला. "आधी फोटो काढावा. नीट बघावं. मग काय ते."

"गेला, बाबा," चिऊ म्हणाली.

"कोण?"

"पेशंट. फुप्फुसाबाहेर हवा कोंडलीय. तू फोटो काढेपर्यंत तो संपला. अशा वेळी आधी सुई घालून हवा बाहेर काढायची. फोटो नंतर."

अण्णांनी बराच वेळ विचार केला. "पण कुठली सुई घ्यायची?" त्यांनी विचारलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अण्णा केंद्र बघून आले. बोर्डाच्या परीक्षेला आदल्या दिवशी शाळेत जाऊन आपला नंबर कुठल्या वर्गात, कुठल्या बाकावर, खिडकीजवळ की फळ्यासमोर हे पाहून येतात, तसं. इथलं केंद्र म्हणजे एका ऑफिसच्या इमारतीतल्या चार खोल्या, भिंतीवर यादी नाही, बाकं नाहीत, बरोबरचं सगळं सामान लॉकरमध्ये आणि खिसे उलटे करून दाखवायचे. खिडकीतल्या बाईंना अण्णांनी मुलीचा नंबर कुठे लागलाय ते विचारलं. बाईंनी अत्यंत सभ्यपणे त्यांना दरवाजा दाखवला. तरी पार्किंगला छाया कुठे पडते एवढं त्यांनी टिपून आणलं. दुसऱ्या दिवशी आभाळ होतं.

निकाल दोन आठवड्यांच्या आत लागला. चिऊ पास झाली. पहिल्याच खेपेला पास होणारे दहांत नवाहूनही अधिक असतात, हे अण्णांना आधीपासून ठाऊक होतं. पण ही माहिती शीटच्या तळाशी राहिली होती आणि तिच्यामुळे कोणाचीच झोप वाचली नव्हती. पेढे आले. मिरजेला फोन झाला. आत्याबाई म्हणाल्या, "बरं झालं, आता डॉक्टर हो म्हणावं."

चिऊला नोकरी लागली, खाकी कव्हराची पुस्तकं तळघरात गेली, आणि आता अण्णा मोकळे झाले असं आम्हाला वाटलं. परवा गेलो तर टेबलावर नवी शीट. हे प्रमाणपत्र दहा वर्षांचं असतं, त्यांनी मला सांगितलं. दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवायचं आणि शेवटी फेरपरीक्षा. त्या फेरपरीक्षेचा एक प्रकार घरबसल्या देता येतो. सातव्या वर्षापासून दर तिमाहीला २५ प्रश्न, आणि उत्तर देताना पुस्तकं उघडून बघायला चक्क परवानगी.

"मग कुठलं पुस्तक उघडायचं ते आत्तापासून ठरवायला नको?" अण्णा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी कारण विचारलं. त्यांनी नियमांचं पान माझ्यासमोर सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पुस्तकं चालतील, पण प्रश्नाबद्दल दुसऱ्या कोणाशीही बोलायचं नाही.

"बाप," अण्णांनी मला विचारलं, "दुसऱ्या कोणात येतो का हो?"