राजमान्य राजेश्री ऊसराव यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री ऊसराव, मुक्काम बारडोली, जिल्हा सुरत, यांस कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपणांस पाणथळांचे वैरी म्हणणाऱ्यांचा प्रथम निषेध करतो. कारण १९५४ साली काकरापारचा बंधारा आणि १९७२ साली उकाईचे धरण पुरे होऊन तापी कालव्यांवाटे दारी आल्यावर, ज्या काळ्या चिकण जमिनीत पूर्वी कापूस आणि ज्वारी पिके, ती बारमाही भिजवून, भूजल मुळांपर्यंत चढवून, आपण बांधापासून बांधापर्यंत पाणथळ करून दाखविली. एखादे तळे राखीत बसण्यापेक्षा शिवारच तळे करावे, ही दूरदृष्टी अन्य कोणत्या पिकास सुचली? ओलपाडकडे तर त्या ओलीबरोबर क्षारही वर आले. मीठ विकत घेण्याचे कष्ट तेवढे वाचले.

पूर्वजांचा कारभार फारच किचकट होता. सुरतेच्या जमाबंदीत जरायत, क्यारी, बागायत अशी प्रतवारी. खोलगट क्यारीत भात, उंचवट्यावर कापूस, गावाबाहेर गौचर, उताराच्या टोकास तळे. जादा पाणी तळ्यात, तळ्याचा गाळ शेतात आणि हिवाळी बदके पाणवनस्पतींत, ही वाटणी कोणत्याही समितीच्या ठरावाविना चाले. १९२८ साली महसुलातील २२ टक्के वाढीविरुद्ध हाच बारडोली तालुका सत्याग्रहास उभा राहिला आणि चौकशीअंती ती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. आपण सारा न वाढविता प्रतवारीच पुसून टाकलीत, आणि एकानेही हरकत घेतली नाही.

कायदाही आपला स्नेही आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे आणि सिंचनार्थ बांधलेली तळी व्याख्येतून वगळली, तेव्हा सिंचनासाठी खोदलेले गावतळे आपण गिळलेत तरी दफ्तरी पाणथळ बुडत नाही. कालव्याच्या पाण्याची आकारणीही मापावर नव्हे, क्षेत्रावर. मग हात आखडता का घ्यावा? (धुळे-नंदुरबारकडून दरसाल तोडणीस येणारी आणि ‘कोयता’ म्हणून मोजली जाणारी आमची माणसे फडाकाठी पाल ठोकून राहतात, ती मात्र कोणत्याच व्याख्येत बसत नाहीत.)

तरी अर्ज एवढाच, की गळीत आटोपताच बुजलेले निचऱ्याचे चर उपसावेत, पाणी मापून घ्यावे, आणि तळ्याकाठची जी जमीन आपल्या सरीत गेली, ती तळ्याच्या खाती परत लावावी. कळावे, लोभ असावा, ही विनंती.