जोश आहे हो, पण परराष्ट्र खातं कुठाय?

अगं बाई, 2019 चा जानेवारी आठवतोय ना? 11 तारखेला ‘उरी: द सर्जिकल स्ट्राइक’ लागला काय, आणि चांगली घरंदाज माणसं एकमेकांवर त्यातलं ‘हाऊज द जोश?’ म्हणून खेकसायला लागली काय! उत्तर एकच, ‘हाय, सर!’ ‘बरा आहे, पण गुडघा दुखतोय’ म्हणायची सोयच नाही. पोरंटोरं सोडा. 19 तारखेला मुंबईत भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन करताना खुद्द पंतप्रधानांनी समोरच्या सिनेमावाल्यांना हेच विचारलं. 1 फेब्रुवारीला पीयूष गोयल अर्थसंकल्प मांडता मांडता या सिनेमाकडे वळले. अर्थसंकल्पात, अहो! आणि सिनेमात सगळी सूत्रं हलवणारे गोविंद, म्हणजे परेश रावल, त्याच लोकसभेचे खासदार.

गोव्यात मात्र आम्ही गप्प. 27 जानेवारीला मांडवीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला आमचे आजारी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर नाकात नळी असताना आले आणि लोकांना तोच प्रश्न विचारला. त्यांना तो शोभला. 2016 च्या खऱ्या सर्जिकल स्ट्राइकच्या वेळी संरक्षणमंत्री तेच होते. पडद्यावर त्यांच्या धाटणीचा मंत्री आपल्या योगेश सोमणांनी उभा केलाय.

पण खरी भानगड पुढेच आहे. या सिनेमात देशाचं परराष्ट्र धोरण ठरतं कुठे, सांगा पाहू? एका बंद खोलीत, मोठाल्या पडद्यांसमोर, चार-पाच गंभीर चेहऱ्यांमध्ये. गोविंदसाहेब फोनवर बोलतात आणि बोलून झालं की फोन मोडून टाकतात. एवढे फोन कुठल्या खर्चात दाखवत असतील, हा प्रश्न एकाही प्रेक्षकाला पडू नये? मग एक शिकाऊ पोरगा पक्ष्याच्या रूपातलं ड्रोन घेऊन येतो आणि निम्मं काम तिथेच होतं. परराष्ट्र खात्याच्या कुणी चार शब्द ठणकावून बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि अतिरेकी? शिव शिव! ते येतात, गोळ्या झाडतात, शेवटी मरतात. त्यांना पैसा कोण देतं, पोरं कुठून आणतात, कुठल्या शाळेतून, कुठल्या गावातून, याची चौकशी करायला नायकाला वेळ कुठाय! त्याचा मेहुणाच हल्ल्यात गेलाय. दोन देशांमधलं सत्तर वर्षांचं भांडण एका घरच्या सुतकात आणून बसवलं की प्रेक्षकाला नकाशा लागत नाही, रुमाल पुरतो. दिग्दर्शक आदित्य धर हुशार, यात वादच नाही. राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला. चढाईची दृश्यं श्वास रोखून पाहिली मीही. काश्मीर म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं सर्बियात चित्रित झालंय, हे नंतर कळलं तेव्हा जरा खट्टू झाले, एवढंच.

आता खरा सप्टेंबर 2016 बघा. 18 तारखेला काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावर अतिरेक्यांचा हल्ला. 26 ला सुषमा स्वराज संयुक्त राष्ट्रांत हिंदीतून पाकिस्तानला सुनावतात, त्याच दिवशी दिल्लीत सिंधू पाणीवाटप कराराच्या आढाव्याची बैठक. 27 ला इस्लामाबादच्या सार्क परिषदेला न जाण्याची घोषणा. 28-29 च्या रात्री नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई. आणि दुसऱ्या दिवशी लष्करी कारवायांचे महासंचालक लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग पत्रकारांना सांगतात, की पाकिस्तानी समपदस्थाला फोन करून सगळं कळवलंय आणि कारवाई पुढे चालू ठेवायचा आमचा विचार नाही. ऐकलंत? फोन करून कळवलं! मारायचं, आणि आता थांबतोय हेही आपणच सांगायचं. या एका फोनमध्ये केवढं राजकारण होतं! गोविंदसाहेबांनी मोडलेले सगळे फोन त्यावरून ओवाळून टाकावेत.

कहर म्हणजे त्या पत्रकार परिषदेत जनरलसाहेबांच्या जोडीला होते परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते विकास स्वरूप. हो, तेच, ज्यांच्या कादंबरीवरून ‘स्लमडॉग मिलियनेअर’ निघाला आणि ऑस्कर घेऊन गेला. आता मला सांगा, असा माणूस खऱ्या प्रसंगात हजर असताना सिनेमावाल्यांना त्याच्यासाठी एखादी भूमिका सुचू नये?