आधी टिर्र, मग फोन

रेवसला आमच्या सप्ताहात बुवांच्या आधी बुवांचा खिसा बोलायचा. अभंग ऐन रंगात, टाळकरी डोलतायत, आणि भोंग्यातून एकदम ‘टिक्टिक् टिर्र, टिर्र!’ पखवाजवाला न थांबता ओरडे, “बुवा, फोन येतोय तुमचा.” बुवा “कुठं वाजतोय?” म्हणेपर्यंत सदऱ्यातला मोबाइल खणाणलेला असे. दोन सेकंद आधीचं का होईना, पण आमच्या ॲम्प्लिफायरला भविष्य कळत होतं.

मंडपवाल्याने वायर बदलली, पिन बदलली, शेवटी दमट हवेवर खापर फोडलं. बिचारी हवा! तो जुना टू-जी फोन सलग बोलतच नसे. एका लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलायचे; आपली पाळी सेकंदाला साधारण २१७ वेळा. त्या लहरी कानाला ऐकू येत नाहीत, पण माइकची लांब वायर झाली अँटेना, आणि ॲम्प्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरने त्यांची चालू-बंद, चालू-बंद तेवढी उचलली. घंटी वाजण्याआधी फोन आणि टॉवरची बोलाचाली होते, तीच आम्हाला फुकटात ऐकू यायची. त्यात टॉवर लांब असला की फोन जोर वाढवतो. लांबच्याशी बोलताना आवाज चढवायचा, ही आमच्या बंदरावरची रीत त्याला कुणी शिकवली देव जाणे.

अशा लुडबुडीला कंटाळून घर सोडल्याचं उदाहरणही आमच्याच तालुक्यात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेने चुंबकीय नोंदींचं बिऱ्हाड १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. ट्राम धावल्या १९०७ मध्ये. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख. पुढची गडबड ओळखून त्यांनी मधली दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेऊन मेळ घालून ठेवला. आम्हाला साधा बुवांचा फोन दानपेटीवर ठेवायला लावणं जमलं नाही.

आता बुवांकडे फोर-जी आहे. तो इतका टिरटिरत नाही, थेट अभंगावर कोसळतो.

परवा करंज्याहून तरीने येत होतो. तांडेलाजवळच्या स्पीकरवर गाणं चाललेलं, त्यात अचानक ‘टिर्र, टिर्र’. चार-पाच वयस्कर हात आपापल्या खिशाकडे गेले. फोन निघाला तांडेलाचा, बटणांचा.

“हा, हा, पोचलोच. धक्क्यालाच लावतोय,” तो म्हणाला. तर अजून खाडीच्या मध्यावर होती.