तेथलं पाणी गोडं हाय का?

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटर गेलं तरी समुद्र लागत नाही. हिंगणघाट लागतं, आर्वी लागते, यवतमाळ लागतं, नागपूर तर डोळे मिटले तरी लागतं. समुद्र नाही. अशा गावच्या माणसांनी बेटांबद्दल काय बोलावं, असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. मालवणचा माणूस सिंधुदुर्गाकडे बघत बघत दात घासतो. त्याला बेटाचं काय कौतुक? बेटाची खरी तहान ज्याच्या घरी मे महिन्यात कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावूनही दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही, त्याला. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आमच्या लेआउटमधलं प्रत्येक घर तसंही एकेक बेटच होतं. अकरा ते पाच कोणी कोणाकडे जात नाही, आणि रस्त्यानं वाहतो तो नुसता उजेड.

विदर्भातल्या सुट्टीचे ठरलेले मुक्काम आहेत. चिखलदरा, पचमढी, आणि नातेवाईक. यंदा लेकीनं जाहीर केलं, डोंगर पुरे झाले, आता बेट. आश्चर्य म्हणजे घरात कोणीच नाही म्हटलं नाही. ज्या घरात रात्री भाजी कोणती यावर एकमत होत नाही, तिथं बेटाला बिनविरोध मंजुरी मिळाली. कोणतं बेट, हा प्रश्न मात्र होळीनंतर सुरू झाला आणि रसाळीचे आंबे आले तरी संपला नाही.

कारण प्रत्येकाची बेट मोजायची फूटपट्टी वेगळी. ह्यांचा प्रश्न, गाडी किती ठिकाणी बदलावी लागते. लेकीचा प्रश्न, पाणी निळं आहे की हिरवं. मुलाचा, तिथं मोबाइलला रेंज येते का. आणि सासूबाईंचा प्रत्येक बेटाला एकच प्रश्न, "तेथलं पाणी गोडं हाय का व?"

आधी आम्ही हसलो. पण सासूबाईंचं माहेर दर्यापूरकडचं, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा समुद्रापासून इतका दूर, तरी विहीर खणली की पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहाला चव येत नाही. त्यांच्या लहानपणी पिण्याचं पाणी गाडीबैलानं लांबून यायचं. समुद्र न पाहता खाऱ्या पाण्यानं वेढलं जाणं काय असतं हे घरात फक्त त्यांना ठाऊक. तेव्हा बेटांच्या परीक्षेत परीक्षक कोण असावा, याचा निकाल तिथंच लागायला हवा होता.

पहिला प्रस्ताव माझ्या भावाचा आला, डोंबिवलीहून. त्याचं म्हणणं, मुंबईला या, एका तिकिटात सात बेटं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ही बेटं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली आणि १६६८ साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. भाऊ हे दर वेळी सांगतो आणि मग आपल्या घराचा हप्ता सांगतो. पुढे भर घालून घालून सातांचं एक केलं. म्हणजे गेली दीडशे वर्षं मुंबईत येणारा प्रत्येक माणूस बेटावरच उतरतो, फक्त त्याला ते कोणी सांगत नाही. भाऊ स्वतः मात्र खाडीपलीकडे राहतो, बेटावर नाही. सासूबाईंनी मुंबईला लगेच फुली मारली. वांद्र्याच्या लग्नात त्यांनी टँकर पाहिला होता.

मुंबईला जायचंच तर घारापुरी तरी, असा मी मधला मार्ग काढला. गेटवेहून लाँचनं तासाभराचं पाणी, मग पायऱ्या, मग ती त्रिमूर्ती, वीसेक फूट उंच, तिच्यासमोर बडबडणारी शाळेची सहलसुद्धा गप्प होते. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली, हत्ती फुटला. मग तुकडे जोडून भायखळ्याला, राणीच्या बागेत उभा केला. अजून तिथंच आहे. म्हणजे हत्तीचं बेट पाहायला जायचं आणि हत्ती पाहायला परत भायखळ्याला यायचं. ह्यांनी इथं गाडी बदलण्याच्या हिशोबात एक वाढवला. शिवाय बेटावर वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळातून केबल टाकून, हे मुलानं वाचलं आणि त्याच्या मनातून घारापुरी उतरली. वीज उशिरा आली म्हणजे रेंज किती उशिरा येईल, असं त्याचं गणित.

अंदमानचं नाव निघालं तेव्हा खरी रंगत आली. सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून अंदमान म्हटलं की ताटावर गांधी-सावरकर सुरू होणारच, ते झालं. सेल्युलर जेलच्या सात पाकळ्यांपैकी आता तीनच उरल्यात, हेही सांगून झालं. लेकीनं निळ्या पाण्याचे फोटो दाखवले. पण अंदमानची बाजू सगळ्यांत जोरात मांडली ती हिंगणघाटकडे शेती करणाऱ्या माझ्या दिरानं, आणि तो तर येणारही नव्हता.

तसं पाहिलं तर विदर्भातल्या शेतकऱ्याला एकच बेट माहीत असतं, आणि ते अंदमान. मुंबईकराला ते सहलीच्या जाहिरातीतून कळतं, आम्हांला पेपरातून. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बातमी येते, मान्सून अंदमानात दाखल. तिथून जूनच्या पहिल्याला केरळ आणि जूनच्या मध्यावर आमच्याकडे, हा ठरलेला रस्ता. मृगाची पेरणी त्या रस्त्यावर डोळे लावून बसलेली. मधल्या प्रत्येक स्टेशनावर गाडी किती थांबली याची चौकशी गावोगाव पारावर चालते. २०२५ साली तर तेरा मेलाच पाऊस अंदमानला पोचला, चोवीसला केरळात, सव्वीसला मुंबईत. दिरानं बियाणं आणून ठेवलं. मग पावसानं मुंबईत असा मुक्काम ठोकला की वर्ध्याची वाटच विसरला. जूनचा मध्य आला तेव्हा त्याला आमची आठवण झाली.

त्यामुळे दीर फोनवर म्हणाला, "वहिनी, तुमी अंदमानात जाऊन राह्यले त एक काम करा. पावसाले म्हनाव, औंदा मुंबईत थांबू नोको, सीदा हिंगनघाटले ये." ह्यांनी लगेच कॅलेंडर पाहिलं. सेवाग्राम स्टेशनवरून चेन्नईची गाडी, पुढे विमान किंवा दोन-अडीच दिवसांचं जहाज. आम्ही पोचायचो तेव्हा पाऊसही पोचायचा. समुद्र खवळलेला, होड्या बंद, आणि आम्ही खिडकीत बसून आमच्याच पावसाला आमच्या आधी भिजताना बघायचं. मला ही कल्पना फार आवडली होती. पाहुण्याला आणायला वेशीपर्यंत जावं तसं पावसाला आणायला जायचं. पण विमानाच्या तिकिटांची बेरीज झाली आणि ह्यांचा चेहरा सेल्युलर जेलसारखा झाला.

लक्षद्वीप फार टिकलं नाही. आधी परवाना काढा, मग आगत्तीचं विमान शोधा. पण तिथल्या पाण्याची गोष्ट लेकीनं सासूबाईंना समजावली ती मीही कान देऊन ऐकली. पोवळ्याच्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, जेमतेम थर. विहिरीतून बेतानं काढलं तर गोडं, हावरेपणानं उपसलं की खालून खारं वर येतं. मग २००५ साली कवरत्तीला यंत्र बसवलं. खोल समुद्रातलं गार पाणी वर आणायचं, त्याच्या गारव्यानं वरच्या कोमट पाण्याची वाफ थंड करायची, दिवसाला लाखभर लिटर गोडं पाणी. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढा मोठा समुद्र, अन् नळालेच रांग. मंग ते पाहाले तेथवर कायले जा लागते? आपला नळ काय वाईट हाय?"

त्यांचा खरा जीव जडला तो जलदुर्गांवर. गड म्हटलं की आमच्या पोरांच्या अंगात इतिहास संचारतो. तलवारी, तोफा, वेढे. सासूबाईंना जंजिऱ्याचं काय पटावं? राजपुरीहून शिडाच्या होडीनं गेलं, दरवाजाशी हिंदकळत्या होडीतून उडी मारून आत शिरलं, की चहूबाजूंनी खारट समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. "म्हनूनच कोनाले जिंकता नाई आला," त्या म्हणाल्या, आणि पुढची चारशे वर्षांची चर्चा एका वाक्यात आटोपली. मला अजून त्याच्याहून सरळ कारण सापडलेलं नाही. ज्याच्या घरात पाणी, त्याला बाहेरचा वेढा काय करणार?

आणि सिंधुदुर्ग! १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पाया घातला, पायात शिसं ओतलं, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं. चुन्यात उमटलेला महाराजांचा हात आणि पाय तिथं जपून ठेवलाय, हेही. पण गडावर तीन विहिरी आहेत आणि त्यांची नावं दूधबाव, दहीबाव, साखरबाव, हे मी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातली कुरडईची पिशवी खाली ठेवली. खाऱ्या समुद्राच्या मधोमध साखरबाव! नावं दोनदा म्हणवून घेतली. त्या रात्री आमचं जवळपास ठरलंच.

आडवं आलं ते पंचांग आणि सरकार, दोन्ही. मेच्या शेवटी कोकणातल्या किल्ल्यांच्या होड्या बंद होतात, पाऊस सरला की पुन्हा सुरू. त्याआधीचा मे म्हणजे विदर्भात लग्नांचा मे. तिथीला तीन तीन पत्रिका, एक जरी चुकवली तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. मग वाळवण, कुरड्या, शेवया, पापड छतावर पडलेले, ते सोडून कोण जाणार? मग नवतपा. लग्नं आटोपली, वाळवण डब्यात गेलं, की मे संपतो. आमच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे सुट्टी आमची जूनअखेरपर्यंत आणि समुद्राची मेअखेरपर्यंत. महाराष्ट्राच्या एका टोकाला दुसरं टोक असं सुट्टीत कळतं. गोव्याच्या दिवाडीला फेरीबोट पावसातही चालते, माणसाला तिकीटही नाही, हा ह्यांचा शेवटचा आवडता मुद्दा. पण पाच मिनिटांच्या फुकट बोटीसाठी दोन दिवसांचा प्रवास हे त्यांनाच बोलता बोलता पटेनासं झालं.

एका रविवारी आम्ही पवनारला गेलो. मेमध्ये धाम नदीचं पात्र आटतं आणि काळे खडक वर येतात, मधे मधे पाण्याची डबकी. पोरं एका खडकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. लेक ओरडली, "आई, बघ किती बेटं!" जुलैत पूर आला की ही सगळी बुडणार. समुद्रातली बेटं पावसात बंद होतात, आमची पावसात बुडतात. सुट्टीत उघडी असतात ती हीच. विनोबांच्या आश्रमाकडून आलेले दोन परगावचे पाहुणे नदी कुठं आहे म्हणून विचारत होते. ते नदीतच उभे होते.

परतताना रिक्षात सासूबाईंनी तोंड उघडलं. "ओंकारेश्वर काय हाय मंग? बेटच हाय ना?"

आम्ही सगळे गप्प. मांधाता हे नर्मदेतलं बेट. एका अंगानं नर्मदा, दुसऱ्या अंगानं कावेरी म्हणतात तिचा फाटा. माथ्यावर ओंकार पर्वत, पोटाशी ज्योतिर्लिंग, काठावर ममलेश्वर. भुसावळला गाडी बदलली की खंडवा, पुढे बसनं दोनेक तास. ह्यांची एकच गाडी बदलायची अट पूर्ण. होड्या आहेत, रेंज आहे. आणि सासूबाईंचा प्रश्न तर विचारायचीच गरज नाही, कारण ज्या पाण्यानं बेटाला वेढलंय तेच पितात. असं बेट आम्ही इतक्या महिन्यांत एकदाही यादीत घेतलं नव्हतं. देवाचं ठिकाण म्हणून ते यात्रेच्या यादीत होतं, बेटांच्या नाही.

लेकीनं हरकत घेतली. तिथं झुलता पूल आहे, पायी जाता येतं, मग ते बेट कसलं? ह्यांनी उत्तर दिलं की मग मुंबईही गेली, आणि २०२४ साली सुदर्शन सेतू झाल्यापासून बेट द्वारकाही गेली; पुलानं बेटपण जात असेल तर हातात थोडीच उरतात. लेकीनं अट घातली, जाताना होडी, पूल फक्त परतताना. मान्य. बेटाला सात किलोमीटरची परिक्रमा आहे, ती पहाटे चारला सुरू करायची, कारण तिथंही ऊन म्हणजे ऊनच. आमच्याहून दोन अंश कमी असतील तर तेवढीच हवापालट. मुलानं निळ्या-हिरव्याचा प्रश्न बहिणीच्या वतीनं विचारला. धरणाच्या खाली नर्मदा हिरवी दिसते, असं ठरलं.

तिकिटं निघाली. डब्यात गोरसपाक आणि लोणच्याच्या फोडी, कारण वर्ध्याचा माणूस गोरसपाकाशिवाय स्टेशन सोडत नाही. दिराला कळवलं, अंदमान रद्द, पावसाला तुझा निरोप तूच दे. लेकीनं मात्र तहात एक कलम जास्तीचं लिहून घेतलंय, दिवाळीत मालवण. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, तुम्ही जा, मी राहते घरी, माझे गुडघे होडीत चढू देत नाहीत.

पोरं कॅलेंडरवर खुणा करेपर्यंत त्या गप्प होत्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ते साखरबावीचं पाणी खरंच गोडं हाय, का नावच देऊन राह्यले? कोनी पिऊन पाह्यलं का?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

"मंग मीच येतो," त्या म्हणाल्या. "तुमाले काय कळते त्यातलं."