नुसता लावलाय

१५३ रुपये ४० पैसे. मराठी घरांत गेल्या काही वर्षांत जे आकडे तोंडपाठ झाले, त्यांत या आकड्याला मानाचं पान द्यायला हवं. १ फेब्रुवारी २०१९ पासून टीव्हीचे चॅनेल ज्याने त्याने निवडून घ्यायचे, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम लागू झाला. शंभर चॅनेल नुसते दारापर्यंत आणून सोडायचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे. पंचवीस पैशांचं नाणं २०११ सालीच चलनातून गेलेलं, त्यामुळे हे वरचे चाळीस पैसे द्यायचे कसे, हा प्रश्न आमच्या ठाण्यातल्या इमारतीत बरेच दिवस चघळला गेला. केबलवाल्याने तो एका वाक्यात निकालात काढला. “राउंड फिगर करतो ना, काका,” म्हणाला, आणि वरच्या बाजूला राउंड केली.

तोवर केबल ही गोष्ट सुटी नव्हती. महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे आणि येईल ते बघायचं. त्यात भोजपुरी सिनेमे यायचे, तेलुगू भक्तिगीतं यायची, दिवसभर दागिने विकणारी एक बाई यायची, आणि केबलवाल्याचा स्वतःचा असा एक चॅनेल यायचा, ज्यावर कालपरवा थेटरात लागलेला सिनेमा हलत्या प्रिंटमध्ये चालू असायचा आणि तळाशी वन बीएचके, दहावीचे क्लासेस आणि मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज सरकत राहायचे. यातलं काहीच कुणी मागितलेलं नव्हतं, म्हणून त्यावरून कुणी भांडतही नव्हतं.

निवडायची वेळ आली आणि घराघरांत तह-वाटाघाटी सुरू झाल्या. आमच्याकडे जेवणानंतर कागद-पेन घेऊन बैठक बसली. प्रत्येक चॅनेलला आता एक वकील लागत होता. आईने तिच्या दोन मालिकांचे चॅनेल बिनविरोध मंजूर करून घेतले. बाबांनी ‘मला काय, बातम्या मिळाल्या की झालं’ असं वैराग्य दाखवून तीन बातम्यांचे चॅनेल मागितले. बायको म्हणाली, मी कुठे काय बघते, माझं काहीच नको. आणि मग जो जो चॅनेल काढायला घेतला त्यावर ‘अरे, हा नको काढू’ म्हणत राहिली. दूरदर्शनचे चॅनेल सक्तीचे होते, त्यामुळे त्यांच्यावर चर्चा झाली नाही. ते तेवढे सुखात होते.

त्यात पुन्हा ‘बुके’ नावाचा प्रकार होता. बुकेत घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांवर ठेवायची नाही, असा दंडक होता. कंपन्यांनी मग सुटे चॅनेल महाग आणि बुके स्वस्त, अशी आखणी केली. दोन-तीन चॅनेल वेगवेगळे घ्यावेत तर तेवढ्या पैशांत दहा-बाराचा बुकेच येत होता. कढीपत्त्याची काडी मागावी आणि भाजीवाल्याने ‘टोपलीच घेऊन जा, स्वस्त पडेल’ म्हणावं, तसं. म्हणजे एवढी बैठक करून, कागदावर खाडाखोड करून शेवटी घरात पुन्हा भोजपुरी सिनेमे आलेच. आता ते आम्ही निवडून आणलेले होते, एवढाच फरक.

पण त्या बैठकीने एक कल्पना घरात कायमची शिरली: आपण बघतो तेवढ्याचेच पैसे द्यावेत. ऐकायला इतकी न्यायाची वाटते की तिच्याविरुद्ध बोलायला तोंड उघडत नाही. त्या कल्पनेचं बोट धरूनच पुढे एका दिवाळीला मुलगा बंगळूरहून आला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, “बाबा, अजून केबल? कशाला? घरात वायफाय आहे, सगळं लाइव्ह नेटवर येतं.” आणि त्याने हिशोब मांडला. केबलचे महिन्याचे इतके. त्याऐवजी अमुक अ‍ॅप, तमुक अ‍ॅप, बातम्या तर यूट्यूबवर फुकटच थेट चालू असतात. वाचले इतके. मी विचारलं, आणि इंटरनेटचे? “ते तर आपण घेतलेलंच आहे ना,” तो म्हणाला. मध्यमवर्गीय काटकसरीचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. जो खर्च नको वाटतो तो दुसऱ्या खात्यावर टाकायचा.

स्वस्तात स्वस्त काय मिळतं, हे बघायला बसलं की माणूस थक्क होतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे अर्थात सरकारी. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ पासून चालू आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं बिल ही भानगडच नाही. नेटवर हवं असेल तर प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला ‘वेव्हज’ नावाचं अ‍ॅप काढलं. त्यात साठाहून अधिक चॅनेल थेट दिसतात. मराठी आहे, कोंकणीही आहे. खासगीत जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा १४९ रुपयांत तीन महिने देत होतं. म्हणजे महिन्याला पन्नासच्या आत. फक्त एकाच मोबाइलवर, जाहिरातींसकट. ही दोन्ही आम्ही निवडायला बसलो त्याच्या नंतरची, पण तेव्हाचं स्वस्त पॅकेजही असंच, एका मोबाइलपुरतं होतं. सहा इंची पडद्यावर चार माणसांनी मालिका कशी बघायची, हे आईने विचारलं. प्रश्न रास्त होता. आम्ही टीव्हीवर चालणारं, थोडं वरचं पॅकेज घेतलं, त्याला जोड म्हणून दुसरं एक, आणि केबलचा बॉक्स परत केला. भिंतीत खिळ्यांनी ठोकलेली काळी वायर तेवढी राहिली. ती काढली तर रंग जाईल म्हणून तिला अभय मिळालं.

पहिले काही दिवस सगळे खूश. चित्र स्वच्छ. पाऊस आला की केबल जायची, किंवा पलीकडच्या इमारतीची लाइट गेली की तिथल्या जिन्यातला अ‍ॅम्प्लिफायर बंद पडून आमच्याकडे ‘नो सिग्नल’ यायचं, ते सगळं संपलं. मग क्रिकेट आलं.

थेट प्रक्षेपण नेटवरून थेट येत नाही, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण त्यातली गंमत सांगण्यासारखी आहे. उपग्रह साधारण ३६ हजार किलोमीटर उंचावर. चित्र तिथवर चढतं, परत उतरतं, आणि या सगळ्या प्रवासाला जेमतेम पाव सेकंद लागतो. पुढे केबलवाल्याच्या यंत्रांत आणखी काही सेकंद जातात, ते निराळे. उलट आपल्या रस्त्याखालून आलेल्या वायरमधलं चित्र आधी काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं, ते तुकडे सर्व्हरवर जाऊन बसतात, आपलं अ‍ॅप मध्येच अडायला नको म्हणून दोन-तीन तुकडे आधी गोळा करून ठेवतं आणि मग सावकाश दाखवायला घेतं. वीस सेकंद, तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. आकाशातून आलेला पाहुणा आधी पोचतो आणि गल्लीतला मागून येतो.

२९ जून २०२४. बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्यात, मिलर खेळतोय, चेंडू हार्दिक पांड्याच्या हातात. आमच्या पडद्यावर पांड्या अजून क्षेत्ररक्षण लावत होता. एवढ्यात शेजारच्या जोशींच्या घरातून ‘अरेरे, गेला’ असा दीर्घ, दुखरा उद्गार आला. बाबांनी डोळे मिटले. बायकोने ‘संपलं’ म्हटलं. आणि तेवढ्यात त्याच भिंतीतून असा काही जल्लोष फुटला की आमचा कपाटावरचा गणपती हलला. आधी ‘अरेरे’ आणि मग जल्लोष, हे काय असू शकतं? आम्ही चौघंही एकमेकांकडे बघत होतो. टीव्हीकडे कुणीच नाही. मग सावकाश पांड्या धावत आला, मिलरने चेंडू उचलला, तो सीमारेषेकडे निघाला, आणि सूर्यकुमारने तो आत उडवून, स्वतः बाहेर जाऊन, परत आत येऊन पकडला. भारत सात धावांनी जिंकला. आम्ही ओरडलो, पण आमचं ओरडणं इमारतीत शिळं झालेलं होतं. खालून कुणीतरी विचारलं, “आता काय झालं?”

पुढच्या मोठ्या सामन्याला बायकोने खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. जोशींची भिंत मात्र लावून घेता येत नाही. मी त्यांना जिन्यात भेटल्यावर हसत हसत म्हणालो, जरा उशिरा ओरडत जा. ते गंभीरपणे म्हणाले, “पण आम्हालाही खालच्या मजल्यावरून कळतं हो. त्यांची डिश आहे.”

क्रिकेटचं एक वेळ सोडून देऊ. मला जास्त विचार करायला लावलं ते दुपारच्या वेळांनी. आमच्याकडे दुपारी टीव्ही चालू असतो. आई समोर बसून वाती वळते, शेंगा निवडते, कधी डुलकी काढते. मालिकेत कुणीतरी कुणाच्यातरी जेवणात काहीतरी मिसळत असतं. आईची नजर क्वचित वर जाते. पण सहाच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं की ती चहाचं आधण ठेवायला उठते, आणि सातचं लागलं की देवाजवळ दिवा लावते. घरात दोन घड्याळं आहेत, पण त्यांचा तिला उपयोग नाही. टीव्ही तिचं घड्याळ आहे, सोबत आहे, आणि दार वाजवणाऱ्याला घरात माणूस जागं आहे हे कळावं, यासाठीचा आवाजही आहे.

अ‍ॅप ही कामं करायला तयार नाही. ते उघडलं की आधी विचारतं: कोण बघणार? चार गोल चेहरे पुढे करतं. मग विचारतं: काय बघणार? चॅनेल लावला तरी बराच वेळ रिमोट हलला नाही की पडदा काळा करून पुन्हा विचारतं: अजून बघताय का? पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा आईने मला हाक मारली. “अरे, हे काय म्हणतंय बघ.” मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी कुठे बघतेय? नुसता लावलाय.”

‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन पर्याय खाली होते.

मला वाटतं, आमच्या त्या दिवाळीतल्या हिशोबात हेच राहून गेलं होतं. बघतो तेवढ्याचेच पैसे, हे ठीक. पण घरातल्या टीव्हीचं निम्म्याहून जास्त काम न बघण्यात होतं. भोजपुरी सिनेमा कुणी बघत नव्हतं, पण चॅनेल बदलत बदलत जाताना दहा सेकंद सगळे मिळून त्याला हसायचे. दागिने विकणाऱ्या बाईकडून कुणी काही घेतलं नाही, पण तिच्या बांगडीवरून आई आणि बायकोत पाऊण तास छान बोलणं झालेलं मी ऐकलंय. बिलात याची ओळ नसते. कमी करायला घेतलं की बिलावर जे दिसतं तेच कमी करता येतं.

उलट जे दिसू नये ते अ‍ॅप दाखवतं. ‘पुढे बघा’ नावाची एक पट्टी त्यात असते, आणि ती कमालीची चुगलखोर आहे. फक्त बातम्या बघणाऱ्या बाबांच्या नावापुढे हिंदीत डब केलेल्या दाक्षिणात्य मारधाडपटांची रांग लागलेली होती. एकात नायक ट्रक उचलत होता आणि तो सिनेमा बरोब्बर तिथे थांबवलेला होता. बाबा म्हणाले, चुकून लागला असेल. पाच चुकून लागले होते. शिवाय ‘तुमचं खातं दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे’ अशी पाटी अधूनमधून यायची, त्यावरून नाशिकच्या भाच्याची परीक्षा कशी चालली आहे हे बहिणीच्या आधी आम्हाला कळायला लागलं.

आणि ओटीपी. अ‍ॅप मध्येच कधीतरी रुसतं आणि नव्याने ओळख मागतं. नंबर मुलाचा, मुलगा बंगळूरला, ऐन मालिकेच्या वेळी मीटिंगमध्ये. आई त्याला फोन करते. तो कुजबुजत सहा आकडे सांगतो. ती ते एकेक करून परत म्हणते, मोठ्याने, त्यामुळे मीटिंगमधल्या सगळ्यांनाच ते कळत असणार. मग ती विचारते, जेवलास का. तो म्हणतो, आजी, सात वाजलेत. ती म्हणते, अरे, म्हणजे दिवा लावायचा राहिला.

आता केबलवाल्याबद्दल. तो सुटला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. आमच्या घरात इंटरनेटची जी बारीक पांढरी वायर आली आहे ती त्याच्याच पोरांनी त्याच जुन्या काळ्या वायरशेजारून, त्याच भोकातून आत घेतली आहे. केबलचं गिऱ्हाईक कमी होतंय हे त्याला आमच्या आधी कळलं होतं. गावोगावचे असे कितीतरी जण कधीच ब्रॉडबँडकडे वळले आहेत. म्हणजे मुलाने ज्याचे पैसे वाचवले तोच दुसऱ्या पावतीपुस्तकावर ते घेऊन जातो. मला यात अन्याय वाटत नाही. पावसात गच्चीवर चढणारा माणूस तोच आहे, आणि कस्टमर केअरला फोन केला तर एक दाबा, दोन दाबा करत जो मिळत नाही, तो हा नाक्यावर वडापाव खाताना मिळतो.

परवा नेटचे पैसे न्यायला आला तेव्हा म्हणाला, “काका, आता नवीन प्लॅन आलाय. नेटमध्येच साडेतीनशे चॅनेल. लाइव्ह. वरती फक्त थोडे पैसे.”

“कुठले चॅनेल?” मी विचारलं.

“सगळेच. निवडायचं काही नाही.”

आतून आईचा आवाज आला, “त्यात ती बांगड्यांवाली आहे का, विचार.”