बिनबुडाचा गडवा

आयुष्यभर पोट्ट्यांना टी-स्क्वेअर आणि फ्रेंच कर्व्ह हातात देऊन ड्रॉइंग शिकवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि भर मे महिन्यात, वर्ध्यात कुत्रंही सावली सोडत नाही अशा उन्हात, बजाज चौकाजवळच्या एका क्लासात संगणकावरचं सरफेस मॉडेलिंग शिकायला जाऊ लागलो. खरं कारण तिथला एसी.

मास्तर तेवीस वर्षांचा. "काका, घरची एखादी वस्तू आणा." मी आईचा पितळी गडवा नेला. "हा तं रिव्हॉल्व्हनं दोन मिनिटांत होते!" अर्धी आकृती काढायची आणि अक्षाभोवती फिरवायची, कुंभाराचं चाकच ते. झाला दोन मिनिटांत. पण गडव्याच्या पोटाला पोचा होता आणि मला तो पोच्यासकट हवा होता. इथून पुढे पंधरा दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आईनं गडवा परत मागितला. मग पोचा आठवणीनं काढू लागलो.

सरफेसला जाडी नसते. शून्य. पोच्याच्या जागी भोक पाडून ठिगळ लावायचं. कडा नुसत्या भिडल्या तर जी-झिरो, उतारही जुळला तर जी-वन, बाकही जुळला तर जी-टू. तपासायला झेब्राचे पट्टे टाकतात. जी-टूला ते सांध्यावरून न मोडता, सलग वाहत जातात. माझे पट्टे सेवाग्रामच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर टाकल्यासारखे नाचत होते. (त्या भिंतीला निदान तसं दिसणं शोभतं.)

हे वक्रांचं गणित 1960 च्या दशकात रेनो कंपनीत प्येर बेझिएंनी मोटारींच्या अंगासाठी वापरात आणलं. पण मला धीर दिला तो मार्टिन न्यूएलनं. 1975 मध्ये युटा विद्यापीठात त्यानं घरातली चहाची किटली तुकड्यातुकड्यांनी संगणकात उतरवली. ती जगप्रसिद्ध झाली आणि तिला आधी बूडच नव्हतं! अर्धी आकृती काढताना तळाची रेघ मीही विसरलो होतो.

शेवटी लॅपटॉप आईपुढे ठेवला.

"पाणी मावते का यात?"

"नाही. जाडी नाही, बूडही नाही."

तिनं चष्मा लावला, पोच्यावर बोट ठेवलं. "हा मात्र हुबेहूब काढला. गडवा तं माह्याजवळ होता, मंग?"

"आठवणीनं काढला," मी फुशारकीनं म्हणालो.

"अस्सं! विहिरीवर पडला तवा तू तं तिथं नव्हताच म्हने."

मी लॅपटॉप मिटला.